डीन डोमचं करायचं काय? (कॉलेज बास्केटबॉल, नूतनीकरण आणि गोंगाट)

केरीकर (धागाकर्ता)

चॅपल हिलच्या डीन स्मिथ सेंटरचं, म्हणजे विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानाचं (बोलीत डीन डोम), पुढे काय करायचं यावरून आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात बरीच धुसफुस चालू आहे. आहे तेच दुरुस्त करून वापरायचं, कॅम्पसवरच दुसरीकडे नवं बांधायचं, की दोनेक मैलांवरच्या जुन्या होरेस विल्यम्स विमानतळाच्या जागेत (कॅरोलिना नॉर्थ) सगळं बिऱ्हाड हलवायचं, असे पर्याय चर्चेला आले. तेव्हापासून ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत, पोरांच्या सॉकर प्रॅक्टिसला, दोन कॅरोलिनावाले भेटले की हाच विषय. म्हटलं इथे धागा काढू, निदान मराठीत भांडू.

ज्यांना कॉलेज बास्केटबॉलचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. रॉली, डरम आणि चॅपल हिल ही तीन गावं मिळून आमचं ट्रँगल. तिन्हीकडे एकेक मोठं विद्यापीठ (रॉलीत एन. सी. स्टेट, डरममध्ये ड्यूक, चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ), आणि तिघांचं बास्केटबॉलवरून पिढ्यान्पिढ्यांचं हाडवैर. चॅपल हिलचा संघ १९६५ पासून कारमायकल नावाच्या हॉलमध्ये खेळायचा. जुन्या वूलन जिमला तीन भिंती जोडून केलेली ती वाढीव इमारत, दहाएक हजार माणसं मावतील एवढी. १८ जानेवारी १९८६ ला डीन डोम उघडला, पहिल्याच सामन्यात ड्यूकला ९५-९२ नं हरवलं. आजची क्षमता २१,७५०. एवढं अवाढव्य काम लोकांच्या खासगी देणग्यांवर उभं राहिलं, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना कोर्टजवळच्या खुर्च्यांचा हक्क मिळाला.

गोम इथेच आहे. ऐंशीच्या दशकात ज्यांच्या हातात चार पैसे होते ती मंडळी आज आजी-आजोबा आहेत, आणि कोर्टच्या दोन्ही लांब बाजूंना तीच, नाहीतर त्यांनी ज्यांना तिकिटं दिली ती मंडळी बसतात. विद्यार्थी एका टोकाला बास्केटमागच्या रायझर्सवर (उभं राहायच्या पायऱ्यांवर) उभे, बाकीचे विखुरलेले, बरेचसे वर. डिसेंबर १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा सॅम कॅसेल इथे जिंकून गेला आणि जाताना इथल्या प्रेक्षकांना 'वाइन-अँड-चीज' मंडळी म्हणाला, म्हणजे पार्टीला आल्यासारखी शांत बसणारी. ते बिरूद आजतागायत निघालेलं नाही. दुबळ्या संघाशी सामना असेल तेव्हा वरच्या मजल्यावरून बुटांची करकर ऐकू येते, हे मी स्वतःच्या कानांनी अनुभवलंय.

आता माझा मुद्दा. जानेवारी २००० मध्ये इथे न भूतो असं हिमवादळ झालं. रॉली-डरम विमानतळावर २०.३ इंच बर्फ. रस्ते बंद, देणगीदार आपापल्या घरी अडकलेले, आणि मेरीलँडविरुद्धचा सामना तर आलेला. शेवटी दारं उघडली, जो येईल त्यानं हवं तिथे बसावं. हॉस्टेलवरची पोरं बर्फ तुडवत आली आणि थेट खालच्या रांगांत घुसली. त्या रात्रीच्या आवाजाबद्दल जुने लोक अजून बोलतात. छत तेच, खुर्च्या त्याच, स्पीकर तेच! बास्केटमागचे रायझर्स आले ते या सामन्यानंतर.

म्हणून मला वाटतं, नवं बांधा नाहीतर जुनं ठेवा, टीव्ही कॅमेऱ्याच्या समोरची अख्खी लांब बाजू जमिनीपासून वर विद्यार्थ्यांना द्या. क्षमता सोळा-सतरा हजारांवर आणा. पैसेवाल्यांसाठी काचेच्या खोल्या करायच्याच असतील तर त्या वर करा, खाली नकोत. (आत्ता डीन डोममध्ये अशी एकही खोली नाही, हे त्याचं एक मोठेपणच म्हणायचं.) एवढं केलं नाही तर कितीही कोटी डॉलर ओता, आवाज चढणार नाही.

झोडपा आता.

पर्ड्यूवाला

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

लांडगा९४

केरीकर, लेख आवडला, पण आमच्या रॉलीचं नाव फक्त तोंडी लावण्यापुरतं घेतलंत याचा निषेध. 😀

हलवाहलवीचा परिणाम काय होतो हे बघायला तुम्हाला लांब जायला नको. एन. सी. स्टेटचं रेनॉल्ड्स कोलिझियम १९४९ मध्ये उघडलं, १२,४०० क्षमता, कॅम्पसच्या मधोमध. प्रशिक्षक एव्हरेट केसनं तिथे आवाज मोजायचा दिव्यांचा खांब बसवला होता. लोक जितके ओरडतील तितके वरचे दिवे लागायचे. सगळ्यात वरचा दिवा म्हणे कुणीतरी हातानंच लावायचं, पण त्यासाठी लोक नरडं फोडायचे हे खरं. १९८३ ला प्रशिक्षक व्हॅल्व्हानोच्या संघानं देशाचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हाही घर हेच.

१९९९ मध्ये पुरुषांचा संघ तिथून उठला आणि शहराच्या पश्चिमेला फुटबॉल स्टेडियमशेजारी, हरिकेन्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाबरोबर वाटून घेतलेल्या अरीनात गेला. आताचं नाव लेनोव्हो सेंटर. इमारत चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पण हॉकीची रिंक २०० फूट बाय ८५, आणि बास्केटबॉलचं कोर्ट ९४ बाय ५०. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखं दिसतं ते. दोन्ही टोकांना मोकळी जागा उरते, ती सरकत्या खुर्च्यांनी भरतात, पण प्रेक्षकांच्या रांगांचा मूळ वाडगा हॉकीच्या मापाचा तो तसाच राहतो. आणि विद्यार्थ्यांनी बसनं जायचं. मी एमएस करताना रात्री नऊच्या सामन्यानंतर बसच्या रांगेत कुडकुडत उभं राहायचो आणि दुसऱ्या दिवशीच्या असाइनमेंटचा विचार करायचो. हॉस्टेलवरून चालत पाच मिनिटांत पोचता येत असेल तर पोरगं 'चल, बघून येऊ' म्हणतं. बस पकडायची असेल तर घरी टीव्ही लावतं.

तेव्हा कॅरोलिना नॉर्थला माझा ठाम विरोध. शत्रूचं भलं चिंततोय, नोंद घ्यावी.

तंबूतला_मावळा

वरच्या दोघांना नम्र सूचना: वातावरण बघायचं असेल तर डरमला या.

ड्यूकचं कॅमरन इनडोअर स्टेडियम जानेवारी १९४० चं. ज्युलियन एबेल नावाच्या कृष्णवर्णीय वास्तुविशारदानं ते रेखाटलं, तेही अशा काळात की त्याच्या वंशाच्या मुलांना या विद्यापीठात प्रवेश नव्हता. क्षमता ९,३१४. खाली कोर्टला चिकटून लाकडी बाकं, ती विद्यार्थ्यांची. देणगीदार वरच्या खुर्च्यांवर. म्हणजे केरीकर जे मागतायत ते आमच्याकडे पहिल्यापासून आहे. प्रतिस्पर्धी खेळाडू साइडलाइनवरून चेंडू आत टाकायला उभा राहिला की त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर निळे रंग फासलेले हात वळवळत असतात. टीव्हीवर दिसतं ते हेच.

पण ही बाकं फुकट मिळत नाहीत, ती पोरं कमावतात. क्रिझेव्स्कीव्हिल ऐकलं असेल. चॅपल हिलविरुद्धच्या सामन्यासाठी पदवीची पोरं स्टेडियमबाहेर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात, एका तंबूत बारा जणांपर्यंत, पाळ्या लावून. आम्हा ग्रॅड विद्यार्थ्यांचं वेगळं असतं. सप्टेंबरमध्ये एका वीकेंडला सगळ्यांनी मैदानात मुक्काम करायचा, केव्हाही भोंगा वाजतो, वाजला की ठरलेल्या मिनिटांत जाऊन हजेरी लावायची. रात्री दोनला वाजतो, पहाटे पाचला वाजतो. हजेऱ्या चुकल्या की बाद. टिकलेल्यांची मग लॉटरी, त्यात नाव आलं तर सीझनची तिकिटं विकत घ्यायची परवानगी! आमच्या टोळीत पुण्याचे दोघे, नागपूरची एक आणि एक तमिळ होता, त्यातल्या एकालाही बास्केटबॉलचे नियम धड माहीत नव्हते. भोंग्याच्या तिसऱ्या फेरीपर्यंत सगळे कट्टर झालो होतो.

सांगायचा मुद्दा, जागा दिली की काम झालं असं नाही. त्या जागेसाठी पोरांना काहीतरी सोसावं लागलं पाहिजे.

शुभदा_काकू

मी सहसा वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही.

केरीकर, तुम्ही ज्या 'आजी-आजोबां'ना उठवायला निघालात त्यात मी बसते. देणगीदार नाही हो, मुलाच्या ऑफिसातल्या एका साहेबांची तिकिटं अधूनमधून आमच्याकडे येतात. सत्तरी ओलांडली, एक गुडघा बदललेला. मी टाळ्या वाजवते, 'डिफेन्स, डिफेन्स' ओरडते, चुकीचा फाउल दिला की मराठीत रेफरीचा उद्धार करते. पण दोन तास उभी नाही राहू शकत. पुढच्या रांगेतली पोरं उभी राहिली की मला फक्त त्यांच्या पाठी दिसतात. एका दुसऱ्या ठिकाणी (नाव नको) मला अख्खा दुसरा हाफ वरच्या स्क्रीनवर बघायला लागला. तिकीट काढून टीव्हीच बघायचा तर घरी चहा तरी मिळतो.

तुमच्या सोळा हजारांत आमची सोय कुठे आहे ते सांगा, मग मी पाठिंबा देते.

केरीकर

काकू, तुमचा उद्धार ऐकायला एकदा शेजारी बसायला हवं. 🙏

तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच विद्यार्थी एका सलग बाजूला एकत्र हवेत. आत्ता तुकड्यातुकड्यांत बसवल्यामुळे उभे राहणारे आणि बसणारे एकमेकांत मिसळतात, दोघंही वैतागतात. उभ्यांची बाजू वेगळी, बसणाऱ्यांची वेगळी. समोरच्या लांब बाजूला तुम्ही आरामात बसा, तुमच्यासमोर फक्त कोर्ट.

स्थापत्यकार

यात थोडी तांत्रिक भर. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा, डीन डोम १९८६ चा. म्हणजे इमारत कायद्याच्या आधीची. मोठं नूतनीकरण काढलं की नवे नियम लागू होतात, आणि त्यातला एक नियम काकूंच्या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे: जिथे प्रेक्षक उभे राहतील असं गृहीत आहे, तिथे व्हीलचेअरवरच्या माणसाला उभ्या माणसांच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे. म्हणजे व्हीलचेअरचा चौथरा पुढच्या रांगेपेक्षा चांगलाच उंच हवा. त्यात दोन-तीन रांगा जातात. क्षमता कमी होते ती बरीचशी अशी, पायऱ्यांची रुंदी, कठडे आणि चौथरे यांच्यात.

दुसरं, दृष्टिरेषा. पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून तुमची नजर किती मिलिमीटर वरून जाते, याला आमच्या धंद्यात सी-व्हॅल्यू म्हणतात. ९० मिमी म्हणजे छान, ६० म्हणजे चालवून घ्या. ती वाढवायची तर उतार तीव्र हवा. जुन्या वाडग्याचं काँक्रीट आधीच ओतलेलं असतं, त्याचा उतार बदलणं म्हणजे नवंच बांधणं. खालच्या भागात मात्र सरकती बाकं घालून खेळ करता येतो. यूसीएलएच्या पॉली पॅव्हिलियनमध्ये हाच रोग होता, प्रेक्षक कोर्टपासून फार दूर. २०१२ मध्ये १३.६ कोटी डॉलरचं काम संपलं तेव्हा खालची बाकं कोर्टजवळ आणलेली होती.

खासबाग

कोल्हापुरातून वाचतोय. बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा सोडवत नाही.

आमचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला बांधून घेतलं. युरोपात जाऊन रोमचं कलोसियम बघून आले होते. हौदा मधे, प्रेक्षक चारी बाजूंनी उतारावर, कुणाच्या डोक्याआड कुस्ती जात नाही. तिथे खुर्ची नाही, पाठ टेकायला काही नाही. पैलवानानं पट काढला की वीस हजार माणूस एकदम उठतो आणि एकदम बसतो. तुमचे आजोबा-नातू वाद आमच्यात होत नाहीत कारण आजोबाच जास्त ओरडतात.

एक शंका. देणगीदाराचा खुर्चीवरचा हक्क किती वर्षांचा असतो? वंशपरंपरागत की काय?

हिशेबनीस

खासबाग, लाखमोलाचा प्रश्न. अशी कलमं प्रत्येक विद्यापीठात वेगवेगळी, त्यामुळे डीन डोमच्या कराराबद्दल इथे अंदाजपंचे बोलत नाही. पण तत्त्व सगळीकडे एक: खुर्ची विकत मिळत नाही, दरवर्षी अमुक देणगी दिलीत तर त्या खुर्चीचं तिकीट घ्यायचा पहिला हक्क मिळतो. नवं मैदान बांधलं की हे सगळे जुने हक्क आपोआप निकालात काढून नव्यानं पत्ते पिसता येतात. प्रशासनाला नवं बांधकाम आवडतं त्यामागे हेही एक कारण, बाहेर कुणी बोलत नाही एवढंच. जुनंच दुरुस्त केलं तर प्रत्येक जुन्या देणगीदाराला 'साहेब, दहा रांगा मागे सरका' असं फोन करून सांगायला माणूस लागतो. तो फोन कोण करणार?

आणि केरीकर, खालच्या लांब बाजूच्या खुर्च्या म्हणजे दुभती म्हैस. विद्यार्थ्याची जागा त्याच्या फीमधून, जवळजवळ फुकट. तुम्ही ती बाजू पोरांना दिलीत की दरवर्षीचा खड्डा भरायला काहीतरी विकावं लागणार. तेच ते, तुम्हाला नको असलेल्या काचेच्या खोल्या. खेळाडूंना पैसे द्यायचे दिवस आल्यापासून तर प्रत्येक विद्यापीठ नवा पैसा शोधतंय. तुमची योजना भावनेनं बरोबर, वहीत तोट्यात.

गोंगाटशास्त्री

माझ्या पोटापाण्याचा विषय निघाला!

लोकांचा समज असतो की जास्त माणसं म्हणजे जास्त आवाज. माणसं दुप्पट केली तर आवाज वाढतो ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळेल एवढा. कॅमरनचे ९,३१४ आणि डीन डोमचे २१,७५० असा हिशेब केला तरी फरक पावणेचार डेसिबलच्या आसपास. त्यातही बंद हॉलमध्ये आवाज किती साचतो हे ओरडणाऱ्यांची एकूण ताकद आणि आवाज पिणारे पृष्ठभाग यांच्या गुणोत्तरावर ठरतं. आणि सगळ्यात जास्त आवाज पितं कोण? माणूस. त्याचं जॅकेट, स्वेटर, मांडीवर घेतलेला कोट. गप्प बसलेला प्रेक्षक नुसता गप्प नसतो, शेजाऱ्याचा आवाजही खातो. तेव्हा एकूण किती आले यापेक्षा आलेल्यांपैकी किती टक्के ओरडतात हे बघा.

खेळाडूच्या कानाशी जो थेट आवाज पोचतो त्याचं गणित वेगळं. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेले. ३ मीटरवरचा पोरगा २४ मीटरवर नेऊन बसवा, तीनदा दुप्पट, १८ डेसिबल गायब. म्हणून केरीकरांचा मुद्दा पदार्थविज्ञानाला धरून आहे.

छताचं मात्र विसरू नका. मैफली, पदवीदान वगैरेंसाठी शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून छताला शोषक पॅनेल लावतात. निवेदकाचा शब्द खणखणीत होतो आणि गर्जना मरते. दोन्ही एकदम मिळत नाही. नूतनीकरणाच्या बैठकीत बास्केटबॉलवाल्यांनी ध्वनिसल्लागाराला आधीच सांगून ठेवायला हवं की आम्हाला घुमणारं छत हवंय.

कॅन्ससच्या ॲलन फील्डहाउसमध्ये १३ फेब्रुवारी २०१७ ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध १३०.४ डेसिबलची गिनेस नोंद झाली. १९५५ चं जुनं मैदान, तेव्हा सोळा हजारांवर क्षमता. असे उच्चांक मापक कुठे धरलाय यावर बरेच अवलंबून असतात, तरीही ऐकणाऱ्याचे कान फाटले असणार हे नक्की. तुम्ही जात असाल तर लहान मुलांना इअरमफ घाला, कृपया.

पर्ड्यूवाला

आलो. गोंगाटशास्त्रींनी माझंच काम सोपं केलं.

आमचं वेस्ट लाफिएटचं मॅकी अरीना, १९६७. गोल इमारत, घुमटाच्या आतून ॲल्युमिनियम. आवाज वर जातो आणि तसाच्या तसा डोक्यात येऊन आपटतो. उद्घाटनाच्या सामन्यात यूसीएलए आली होती, प्रशिक्षक जॉन वुडन, जो मुळात पर्ड्यूचाच माजी खेळाडू. ७१-७३ नं हरलो, तेही शेवटच्या क्षणी. पंचावन्न वर्षांहून जास्त झाली, गावातले म्हातारे काल झाल्यासारखं सांगतात.

२०१२ पर्यंत तिथे जवळपास १० कोटी डॉलरचं नूतनीकरण झालं. सरावाची जागा, ड्रेसिंग रूम, रुंद कॉरिडॉर, बाथरूम, सगळं नवं. छताला हात लावला नाही. याला म्हणतात अक्कल.

आता जीभ चावून हाडवैऱ्याचं कौतुक करतो. इंडियाना विद्यापीठाचं असेम्ब्ली हॉल १९७१ चं, १७ हजारांवर क्षमता, दोन्ही बाजूंना कड्यासारखे उभे चढ. वरच्या रांगेत पहिल्यांदा गेलेला माणूस कठडा धरूनच बसतो. सिंडी सायमन स्कॉट यांनी दिलेल्या ४ कोटी डॉलरच्या देणगीतून २०१६ पर्यंत नवी दर्शनी बाजू, नवा स्कोअरबोर्ड वगैरे झालं. ते भयंकर चढ मात्र तसेच ठेवले, कारण आवाज त्या चढांतून येतो हे त्यांना ठाऊक होतं.

उलट नॉर्थवेस्टर्ननं वेल्श-रायनवर ११ कोटी डॉलर खर्च करून क्षमता ८,११७ वरून ७,०३९ वर आणली. बेलरनं २०२४ च्या जानेवारीत दहा हजारांचं मैदान सोडून साडेसात हजारांच्या नव्या मैदानात बस्तान हलवलं. सगळीकडे वारा छोट्याकडेच वाहतोय.

लांडगा९४

पण टेनेसी? नॉक्सव्हिलला २१ हजारांवर क्षमता आहे आणि संघ चांगला असला की छप्पर उडतं. माझं मत, वातावरण वगैरे सगळं जिंकण्यावर आहे. हरणाऱ्या संघाला कॅमरनही शांत वाटेल.

तंबूतला_मावळा

कॅमरन शांत?? अर्थात आम्हाला हरण्याचा फारसा अनुभव नाही.

लांडगा९४

हे बघा, आलं लगेच ड्यूकपण बाहेर. तुमच्या पोरांचे अर्धे नारे कागदावर छापून वाटलेले असतात. १९९९ पर्यंत तुम्ही रेनॉल्ड्सला यायचात तेव्हा

नियामक

दोघांनीही सबुरीनं घ्या. विषय मैदानाचा आहे. लांडगा९४ यांचा प्रतिसाद अर्धा संपादित केला आहे.

निळी_टोपी

हाय, मी सध्या चॅपल हिलला ज्युनियर आहे. आईनं हा धागा पाठवला. माझं मराठी टायपिंग स्लो आहे, सांभाळून घ्या.

केरीकरकाका, तुम्ही विद्यार्थ्यांना खूप चांगले समजता. 😅 आमची तिकिटं लॉटरीनं मिळतात. ड्यूकच्या सामन्याला सगळे मरतात. पण डिसेंबरमध्ये फायनल्स असतात, मग विंटर ब्रेक. सगळे घरी जातात. तेव्हा छोट्या छोट्या कॉलेजांशी मॅचेस असतात. तुम्ही टीव्हीसमोरची पूर्ण साइड आम्हाला दिली तर तेव्हा टीव्हीवर रिकाम्या निळ्या खुर्च्या दिसतील. मग सगळे म्हणतील, बघा, जेन झी येतच नाही.

दुसरं, मला विचाराल तर सीट्सपेक्षा टाइमआउट्सचा प्रॉब्लेम मोठा आहे. पुरुषांच्या गेममध्ये प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली असताना टीव्हीसाठी ब्रेक असतो. तेवढ्यात स्क्रीनवर जाहिरात, मग टी-शर्ट फेकणं, मग लाउड म्यूझिक. आपल्या संघानं सलग दहा पॉइंट्स केले, सगळे वेडे झालेत, आणि लगेच कुणीतरी इन्शुरन्सबद्दल बोलायला लागतं. सगळी एनर्जी जाते. तेव्हा पेप बँडला (विद्यार्थ्यांचा बँड) वाजवू दिलं तर लोक आपोआप ओरडतील. हे करायला झीरो डॉलर लागतात.

आणि प्लीज विमानतळावर नका नेऊ. ड्यूकला हरवलं की आम्ही सगळे कॅम्पसला लागून असलेल्या फ्रँकलिन स्ट्रीटला धावत जातो. तिथून कसे धावणार?

गोंगाटशास्त्री

निळी_टोपी, शंभर टक्के. स्पीकरच्या वर कुणाचाही गळा चढत नाही. माणसं ओरडणं थांबवतात आणि ऐकायला लागतात, मग पुन्हा सुरुवात करायला दोन-तीन मिनिटं जातात. बँड जिवंत असतो, प्रेक्षकांचा आवाज ऐकून तो आपला ठेका बदलतो.

शुभदा_काकू

किती गोड लिहिलंय पोरीनं. बँडचं अगदी पटलं. ती ट्रॉम्बोनवाली मुलं मला फार आवडतात.

केरीकर

सगळ्यांचे आभार, एवढा प्रतिसाद मिळेल असं वाटलं नव्हतं. एकेकाला उत्तर देतो.

हिशेबनीस, तुमची वही मान्य, पण एक ओळ त्यात नाही. ज्या देणगीदाराचा पुतण्या आज वरच्या मजल्यावर कंटाळून फोनवर बसलाय, तो पंधरा वर्षांनी देणगी देणार आहे का? ड्यूकच्या भोंग्यावर पहाटे पाचला धावलेला माणूस आयुष्यभर चेक फाडतो. तंबूतल्या मावळ्याला विचारा.

निळी_टोपी, डिसेंबरचा मुद्दा बिनतोड आहे. यावर उपाय म्हणजे सामन्याच्या चोवीस तास आधी जी विद्यार्थी-तिकिटं उचलली गेली नाहीत ती गावातल्या शाळांना, त्यांच्या संघांना द्यायची. दहा-बारा वर्षांची पोरं तर विद्यार्थ्यांपेक्षा किंचाळतात. आणि त्या वयात कोर्टशेजारी बसलेलं पोरगं पुढे कुठे जाणार हे सांगायला नको.

लांडगा, टेनेसीचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यांनीही २४ हजारांवरून क्षमता कमी करत आणली आहे, हे सोयीनं गाळलंत. आणि जिंकण्याचं म्हणाल तर आमच्याकडे अजिंक्यपदाची निशाणं छताला टांगायला जागा पुरत नाही, तरी बिरूद वाइन-चीजचंच.

स्थापत्यकार, तुमच्या प्रतिसादानंतर माझा कल जुनं ठेवण्याकडून थोडा हललाय, हे कबूल. वरच्या वाडग्याचा उतार बदलता येत नसेल तर वरच्या सगळ्या रांगा पडद्यामागे झाकणं हा एक मार्ग. टेक्सासनं ऑस्टिनच्या मूडी सेंटरमध्ये वरचा मजला बास्केटबॉलपुरता झाकायची सोय पहिल्यापासूनच केली. पण नवं बांधायचंच झालं तर ते हॉस्टेलपासून चालत जाता येईल अशाच जागी हवं, यावरून मात्र हलणार नाही.

एक राहिलं. मार्च २०१० मध्ये डीन डोममध्ये काम चालू होतं म्हणून चॅपल हिलच्या पुरुष संघाचा एनआयटीचा पहिला सामना जुन्या कारमायकलमध्ये झाला, विल्यम अँड मेरीविरुद्ध. दुय्यम स्पर्धा, आणि त्या वर्षी संघ यथातथाच. तरी ती रात्र लोक आठवतात. कारमायकल अजून उभं आहे, सहा-सात हजार क्षमता, तिथे महिलांचा संघ खेळतो. ज्यांना हा वाद कानांनी सोडवायचा आहे त्यांनी एकदा तिथे यावं. एन. सी. स्टेटच्या बायकांशी सामना असेल तेव्हा मी आठ-दहा तिकिटं काढतो. कोण कोण येणार?

लांडगा९४

मी! आमच्या बायका २०२४ ला फायनल फोरला (राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत) गेल्या होत्या, आठवण असू द्या. लाल स्वेटशर्ट घालून आलो तर तुमच्या शेजारी बसू द्याल ना?

तंबूतला_मावळा

तिथे पाऊल ठेवलेलं घरी कळलं तर बायको घराबाहेर काढेल, ती पण ड्यूकचीच. तरी येतो. तिला सांगू नका.

शुभदा_काकू

मी येईन. पायऱ्या किती आहेत आणि कठडा आहे का, तेवढं आधी सांगा.

निळी_टोपी

काकू, मी तुम्हाला दारात भेटते. वरच्या लेव्हलनं आत गेलं की थोड्याच पायऱ्या उतराव्या लागतात. आणि बॅग ट्रान्सपरंट लागते, नाहीतर गेटवर परत पाठवतात.

शुभदा_काकू

बरं. मग चकल्या झिपलॉकमध्ये आणते.

केरीकर

काकू, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. चकल्या पार्किंगमध्येच संपवू. लांडगा, लाल स्वेटशर्टवाल्याला शेवटची खुर्ची. तारीख ठरली की धाग्यातच टाकतो.